हातघडणीची जपानी हत्यारं: एवढे पैसे नेमके कशाचे?

सुतारपक्षी

लाकूडकामाच्या धाग्यावर परवा एकाने विचारलं होतं की बाजारात पाच-सातशे रुपयांत बरी पटाशी मिळत असताना जपानी लोहाराच्या हातच्या एका पटाशीला पाच-सहा हजार का मोजायचे. बऱ्याच जणांनी 'नावाचे पैसे' म्हणून विषय संपवला. मला तो तसा संपवावासा वाटत नाही. ही हत्यारं मी वापरतो, त्यांच्यावर माझा जीव आहे, आणि त्यातली काही मुळीच घेऊ नयेत असंही माझं ठाम मत आहे. म्हणून हा वेगळा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जपानी लोहार हत्यार पूर्ण करून देतच नाही. अर्धं तो घडवतो, उरलेलं वापरणाऱ्याने दगडावर पूर्ण करायचं असतं. ज्याला ते काम करायची हौस आहे, त्याचे पैसे वसूल होतात. ज्याला नाही, त्याला त्याच पैशात दुसरं बरंच काही चांगलं मिळतं.

पटाशीपासून सुरू करतो. जपानी पटाशी, म्हणजे नोमी, एका धातूची नसते. अंग मऊ लोखंडाचं असतं, त्याला जिगाने म्हणतात. धारेच्या बाजूला कडक पोलादाचा पातळ थर असतो, तो हागाने. लोहार दोन्हींच्या मध्ये टाकणखार आणि लोखंडाचा कीस पसरतो, भट्टीत तापवतो आणि घणाखाली एकजीव करतो. एवढा खटाटोप का, तर पोलाद जितकं कडक तितकी धार टिकते, पण तितकंच ते ठिसूळ होतं. युरोपीय पद्धतीची अखंड पोलादाची पटाशी रॉकवेल सी या कडकपणाच्या मापावर साधारण ५८ ते ६१ ठेवतात. जपानी पटाशी ६२ ते ६५ पर्यंत नेतात. एवढ्या कडक पोलादाची अखंड पटाशी मोगरीच्या घावाखाली तडकेल. मऊ लोखंड तो घाव सोसतं. शिवाय दगडावर पाजळताना झिजतं ते मुख्यतः मऊ लोखंड, त्यामुळे इतकं कडक हत्यार असूनही धार लवकर लागते. ही दुसरी गोष्ट हातात पटाशी घेतल्याशिवाय पटत नाही.

मग पाठ. पटाशीची सपाट बाजू पूर्ण सपाट नसते, मध्ये उथळ खोलगट भाग असतो. त्याला उरा म्हणतात. दगडावर फक्त कडेची पट्टी टेकते. संपूर्ण पाठ सपाट करायला तासन् तास घासावं लागलं असतं, ते काम थोडक्यात होतं. पण पटाशी झिजत जाते तसतशी धारेजवळची ही पट्टी जपावी लागते. रंध्याच्या पात्यात तर ती संपत आली की धारेच्या उतारावर, मऊ लोखंडाच्या भागावर, हातोडीने हलके ठोके देत पोलाद पाठीकडे किंचित ढकलायचं असतं. ठोका पोलादावर पडला तर पातं गेलं. हे काम लोहाराचं नाही, सुताराचं आहे. लोहाराने ते गृहीत धरलेलं आहे.

नवीन पटाशीच्या मुठीवरचं लोखंडी कडंसुद्धा नुसतं अडकवून येतं. आपण ते काढायचं, आतली कड कानशीने घासायची, खाली बसवायचं आणि वरचं लाकूड ठेचून त्यावर दुमडायचं. रंध्याचं, म्हणजे कन्नाचं, काम तर याहून जास्त. त्याच्या ओकच्या ठोकळ्यात पातं पाचरीसारखं बसतं, स्क्रू नसतो. ते घट्टही नको, सैलही नको, म्हणून खाच आपण तासायची. ठोकळ्याचा तळ सरसकट सपाट ठेवायचा नसतो. तो लाकडाला ठरावीक ठिकाणीच टेकावा, बाकीचा भाग केसभर खाली असावा. हवा दमट झाली की ठोकळा फुगतो आणि हे सगळं पुन्हा तपासावं लागतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर नक्कीच.

आता करवत. इथे माझं मत उलटं आहे. जपानी करवत ओढताना कापते, ढकलताना नाही. ओढल्यावर पातं ताणलं जातं आणि वाकत नाही, म्हणून ते फार पातळ ठेवता येतं. हाताने घडवलेली करवत ही लोहारकामाची कमाल आहे यात शंका नाही. पण तिच्या प्रत्येक दाताला कानशीने अनेक पैलू पाडावे लागतात आणि ते करणारे खास कारागीर जपानमध्येच मोजके उरलेत. दुसरीकडे बदलत्या पात्यांच्या करवती आल्या. त्यांचे दात उच्च वारंवारितेच्या विजेने क्षणभर तापवून कडक करतात, इतके कडक की कानस चालत नाही. पातं बोथट झालं की टाकायचं, नवीन लावायचं, दोनेक हजार येनमध्ये. जपानमधले सुतारसुद्धा आज बहुतेक हीच वापरतात. हातघडणीची करवत घेतली आणि धार गेली, तर ती भारतात पाजळणार कोण? लोहार फार तोलाचा असला तरी दुसरं अर्धं काम आपण करू शकत नसलो तर त्या करवतीला आपल्या घरी मोल उरत नाही.

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः न पटलेलं लिहा.

खमंग

उत्तम धागा. मला सुतारकामातलं काही कळत नाही, पण सुऱ्यांबद्दलही लिहाल का? घरी एक जपानी सांतोकू आहे, कार्बन पोलादाची. कांदा, कोबी, कोथिंबीर चिरताना हात चालतच राहतो. पण कैरी चिरून पाच मिनिटं तशीच ठेवली तर काळी पडते आणि घरातल्या कुणीही नारळ फोडायला घेतली तर माझा जीव वर-खाली होतो.

धातुवेडा

पोलादाला पाणी देण्याचाच, म्हणजे ते तापवून, विझवून कडक करण्याचाच माझा व्यवसाय आहे, त्यामुळे या विषयावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

सुतारपक्षी यांनी बांधणी नेमकी सांगितली आहे. पण 'हातघडणीचं' या शब्दाभोवती जे वलय आहे त्यातलं बरंचसं खोटं आहे, आणि ते विकणारे मुद्दाम वाढवतात. ठोकून ठोकून पोलाद 'दाबून घट्ट' होतं असं सर्रास लिहिलेलं असतं. होत नाही. पोलादाची घनता घणाने वाढत नाही. घडणीने आकार येतो. तापमान सांभाळून घडवलं तर कण बारीक राहतात, निष्काळजीपणे तापवलं तर मोठे होतात आणि धारेचे तुकडे पडतात. म्हणजे घणापेक्षा भट्टी महत्त्वाची.

शिरोगामी, म्हणजे 'पांढरा कागद' पोलाद, हे शिमाने प्रांतात यासुगीच्या कारखान्यात बनतं. पूर्वी हिताची मेटल्स, २०२३ पासून कंपनीचं नाव प्रोटेरियल. रंग पोलादाचा नाही, ओळखीसाठी चिकटवलेल्या कागदाचा. शिरोगामी क्रमांक १ मध्ये कार्बन साधारण १.२५ ते १.३५ टक्के, क्रमांक २ मध्ये १.०५ ते १.१५. गंधक, फॉस्फरस फार कमी आणि बाकी मिश्रधातू जवळपास नाहीत. आओगामी, म्हणजे निळ्यात, क्रोमियम आणि टंगस्टन घालतात. त्याने धार जास्त टिकते, पाजळायला थोडा जास्त वेळ लागतो.

पांढरं पोलाद पाण्यात विझवावं लागतं आणि विझवण्याआधीचं तापमान साधारण ८०० अंशांच्या आसपास, फार थोड्या फरकात पकडावं लागतं. जुने लोहार यासाठी भट्टीजवळ अंधार करतात, लोखंडाचा रंग नीट दिसावा म्हणून. हे कौशल्य खरं आहे, मी त्यापुढे हात जोडतो. पण तापमापक लावलेली चांगली भट्टी हेच काम करू शकते, आणि आज अनेक जपानी लोहार ती वापरतातही.

दुसरं, पोलाद आणि लोखंड आधीच जोडलेल्या पट्ट्या कारखान्यातून तयार मिळतात. फुकुई प्रांतातल्या एचिझेनमधली ताकेफू स्पेशल स्टील ही कंपनी त्यासाठीच नावाजलेली आहे. 'हातघडणीच्या' अनेक सुऱ्या अशा पट्टीपासून बनतात. त्या वाईट नसतात, जोड तर उलट जास्त भरवशाचा असतो. पण ग्राहकाला भट्टीत जोडलेल्याचा भाव लावायचा आणि वस्तू तयार पट्टीची द्यायची, हे मला मान्य नाही.

आणि पात्यावरची ती लाटांची नक्षी! ती बाहेरच्या मऊ थरांची असते. धारेशी तिचा काही संबंध नाही.

निशिकासाईकर

नक्षीबद्दल शंभर टक्के सहमत. तोक्योत उएनो आणि असाकुसाच्या मधे काप्पाबाशी नावाची हॉटेलवाल्यांच्या सामानाची गल्ली आहे. भारतातून कुणी आलं की सुरी घ्यायला तिथे न्यावंच लागतं. परदेशी गिऱ्हाईक नक्षीवर बोट ठेवतं आणि शेजारची साधी, करडी, बिननक्षीची सुरी कुणी बघत नाही. इथले आचारी मात्र बहुधा तीच घेतात.

@खमंग, सुऱ्यांबद्दल थोडं मी लिहितो. व्यावसायिक आचाऱ्यांच्या एका बाजूने धार असलेल्या सुऱ्यांसाठी ओसाकाजवळचं साकाई सर्वात मोठं केंद्र. तिथे एक सुरी एक माणूस बनवत नाही. घडवणारा लोहार वेगळा, धार लावणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा, आणि प्रत्येकाने आयुष्यभर तेवढंच केलेलं असतं. पात्यावर नाव बहुधा दुकानाचं असतं. मी साकाईत धार लावणाऱ्याचं काम पाहिलं आहे. भट्टीतून आलेलं पातं वाकडं असतं. तो ते डोळ्यासमोर धरतो, लाकडी ओंडक्यावर हातोडीने सरळ करतो, पुन्हा चाकावर धरतो, पुन्हा सरळ करतो. सरळपणा हीच तिथली खरी मेहनत आहे. स्वस्त सुरीत वाचवतात ती हीच मेहनत. हातात घेताना कळत नाही. वर्षभराने, दगडावर धार एका जागी लागते आणि दुसऱ्या जागी लागत नाही, तेव्हा कळते.

होनयाकी नावाचा एक प्रकार अखंड पोलादाचा असतो. धारेचा भाग उघडा आणि पाठीला माती थापून विझवतात, म्हणजे धार कडक आणि पाठ त्यामानाने मऊ राहते. विझवताना बरीच पाती तडकतात, त्यामुळे किंमत गगनाला. घरच्या स्वयंपाकाला त्याची काही गरज नाही. माझ्या बायकोचं आवडतं हत्यार आहे स्टेनलेसचं आवरण आणि आत कार्बन पोलाद असलेली ग्यूतो, म्हणजे सगळ्या कामाची लांब सुरी. गंजायला फक्त धारेची रेघ मोकळी राहते, ती पुसली की झालं. खमंगताई, पुढची सुरी घेतलीत तर अशी घ्या.

नारळ, फणस, लाल भोपळ्याचं कडक साल, गोठवलेलं मांस, यांना ती लावूच नका. त्या कामांना विळी आणि कोयता आहे.

सागवान

घरात तीन पिढ्यांचं सुतारकाम. धाग्याच्या लेखकाबद्दल आदर ठेवून थोडं विरुद्ध लिहितो.

ही हत्यारं हिनोकी आणि सुगीसाठी जन्मली. दोन्ही मऊ, सरळ रेषेची, शंकूच्या झाडांची लाकडं. आमच्याकडे काम येतं सागवानाचं, शिसवीचं, आणि आता जास्त करून प्लायवूडचं. सागात वाळूचे, म्हणजे सिलिकाचे, कण असतात. ते कुठलीही धार खातात. प्लायमधला डिंक त्याहून वाईट. ६४ वर नेलेली धार सागाच्या आडव्या रेषेत मोगरीने हाणली की तिचे बारीक कपचे उडतात, मी स्वतः पाहिलं आहे. बोथट झालेली पटाशी दोन मिनिटांत पाजळता येते, कपचा उडालेली पटाशी अर्धा तास खाते. साइटवर अर्धा तास कोण देणार?

दुसरं म्हणजे, चांगली पटाशी आपल्याकडे नव्हतीच असं नाही. माझे आजोबा जुन्या मोठ्या कानशीपासून गावच्या लोहाराकडून पटाशी घडवून घ्यायचे. त्यातली एक अजून वापरात आहे. झिजून बोटभर राहिली आहे, पण धार अशी धरते की नव्या कारागिरांना मी ती हात लावू देत नाही.

धातुवेडा

@सागवान, कानशीचं अगदी बरोबर. कानशीच्या पोलादात कार्बन एक टक्क्याच्या वरच असतो, म्हणजे शिरोगामीच्या फार लांब नाही. तुमच्या आजोबांच्या लोहाराने ते जास्त न तापवता घडवलं आणि नीट पाणी दिलं असणार. मालाचा प्रश्न आपल्याकडे कधी नव्हताच.

सुतारपक्षी

@सागवान, तुमचा आक्षेप या धाग्यावरचा सगळ्यात मोलाचा आहे, म्हणून सविस्तर.

कपचे उडतात हे खरं. उपाय कोनात आहे. जपानी पटाशी मऊ लाकडासाठी २८-३० अंशांवर पाजळलेली असते. सागात किंवा शिसवीत मोगरीने खाच पाडायची असेल तर ती ३३ ते ३५ अंशांवर न्या, माझ्या हातात कपचे जवळपास थांबले. तसंच रंध्याचं. ठोकळ्यात पातं सर्वसाधारणपणे ४० अंशांच्या आसपास बसवलेलं असतं, हिनोकीला ते छान चालतं. सागाची उलट रेषा त्यात उचकटते. उभ्या कोनाचे, ४५ किंवा त्याहून जास्तीचे ठोकळे कठीण लाकडासाठी जपानमध्येही बनतात. नाहीतर पात्याच्या वर बसणारी दुसरी लोखंडी पट्टी धारेच्या अगदी जवळ आणायची. ही दुसरी पट्टी जुन्या कन्नात नव्हती, ती मेइजी काळात (१८६८-१९१२) आली, पण उचकटणाऱ्या लाकडाला तिच्याइतका दुसरा उपाय नाही.

प्लायवूडला मात्र ही पटाशी लावूच नये, तुमचं म्हणणं मान्य. जपानमध्येही प्लाय आणि परदेशी कठीण लाकडासाठी हाय-स्पीड स्टीलच्या पटाश्या वेगळ्या मिळतात.

साइटचं काम आणि माझ्यासारख्याचं संथ काम यांत फरक आहे, तोही मान्य. पण एक सांगतो. सागाच्या आखाच्या, म्हणजे तंतू कापलेल्या टोकाच्या बाजूवर नुसत्या हाताच्या दाबाने, मोगरी न वापरता, पातळ ढलपी काढायची असेल तर तिथे ६४ ची धार आणि ५९ ची धार यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जोड डोळ्याला न दिसता बसतो तो त्या शेवटच्या ढलपीने. ते काम तुम्ही तुमच्या आजोबांच्या पटाशीनेच करत असाल, अशी माझी खात्री आहे.

सागवान

तिच्यानेच करतो.

कोकणी_माणूस

सागवान यांच्या आजोबांच्या पटाशीवरून मनात होतं ते लिहितो.

आमच्या गावात दरवर्षी घिसाड्यांचं बिऱ्हाड येतं. रस्त्याकडेला भाता, ऐरण, बाई घण मारते आणि बाप्या सांडशीत लोखंड फिरवतो. ट्रकच्या कमानीच्या पट्ट्यापासून कोयता बनतो. त्या पोलादात कार्बन अर्धा-पाऊण टक्क्याच्या मधे, धार जपानी सुरीइतकी कधीच धरणार नाही. पण नारळाच्या सोडणावर आणि ओल्या बांबूवर तेच पोलाद हवं, कारण ते वाकतं, तुटत नाही. तो माणूस कामाला योग्य माल निवडतो, डोळ्याने रंग बघून पाणी देतो, आणि आपण त्याच्याशी वीस रुपयांवरून घासाघीस करतो.

जपानी हत्यार महाग आहे याचा मला राग नाही. आमचा कोयता इतका स्वस्त का, याचं वाईट वाटतं. तिथल्या लोहाराला पोटापुरतं मिळतं म्हणून तो एका पटाशीवर तेवढा वेळ देऊ शकतो. इथल्याला तेवढा वेळ परवडतच नाही. वेळ दिला असता तर त्याने काय घडवलं असतं, हे आपल्याला कधी कळलंच नाही.

खमंग

फार खरं लिहिलंत. आमच्या विळीचं पातं गेल्या वर्षी अशाच एका बाईंनी ठोकून, घासून दिलं. त्याला आता कुणी हात लावलेला मला चालत नाही.

निशिकासाईकर

@कोकणी_माणूस, तुमच्या प्रतिसादाला जोड म्हणून इकडे काय झालं ते सांगतो. जपानी लोहारांनाही हे आपोआप मिळालं नाही.

१८७६ मध्ये सरकारने तलवार लावून फिरायला बंदी केली आणि तलवारी घडवणाऱ्या घराण्यांची मागणी एकदम आटली. बरेच जण सुऱ्या, कात्र्या, सुतारी हत्यारांकडे वळले. रंध्याच्या पात्यांसाठी आजही सर्वांत आदराने घेतलं जाणारं नाव म्हणजे चियोझुरू कोरेहिदे (१८७४-१९५७). तेही तलवारकारांच्या घराण्यात शिकलेले. गंमत म्हणजे त्या काळातले नावाजलेले लोहार इंग्लंडहून आलेलं पोलादही वापरत. म्हणजे माल कुठला याचं त्यांना सोवळं नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर विजेची यंत्रं आली, बांधकाम बदललं आणि लोहार बंद पडू लागले. १९७४ मध्ये पारंपरिक हस्तउद्योगांसाठी कायदा झाला. निदान शंभर वर्षं चालत आलेलं तंत्र असेल, मुख्य काम हाताने होत असेल, तर त्या गावाच्या मालाला सरकारी मान्यता, शिकाऊंना मदत, प्रचाराला मदत. एचिझेनच्या पात्यांना ती १९७९ मध्ये मिळाली, साकाईला १९८२, कोबेजवळच्या मिकीला १९९६. एचिझेनच्या लोहारांनी तर १९९३ मध्ये एक सामाईक कार्यशाळाच उघडली, ताकेफू नाइफ व्हिलेज. अनेक लोहार एका छपराखाली, यंत्रं वाटून घेतात, पोरं एकमेकांचं काम बघत शिकतात, आणि कुणीही जाऊन वरच्या मजल्यावरून ते पाहू शकतं. मी गेलो तेव्हा विशीतली मुलं-मुली ऐरणीवर होती. ते बघून मला आपल्या गाडी लोहारांची आठवण झाली होती, तुमच्या प्रतिसादाने पुन्हा झाली.

तरीसुद्धा सगळं आलबेल नाही. सुऱ्यांना जगभर गिऱ्हाईक आहे म्हणून सुऱ्यांचे लोहार तगले. पटाशी आणि रंध्याच्या पात्याचे लोहार म्हातारे होत चाललेत, अनेकांच्या मागे कुणी नाही. सुतारांनाच कन्ना लागेनासा झाला आहे, घरं कारखान्यात कापलेल्या तुळयांची बनतात. रंध्याच्या पात्याच्या मऊ भागासाठी जुनं घडीव लोखंड सर्वात उत्तम मानतात, बोटींच्या नांगराच्या साखळ्या, जुन्या पुलांचे तुकडे असं काहीबाही. तसं लोखंड आता कुणी बनवत नाही. लोहारांकडे साठा आहे तेवढाच.

कोबेला कधी आलात तर शिन-कोबे स्टेशनजवळचं ताकेनाका सुतारी हत्यारांचं संग्रहालय चुकवू नका. १९८४ मध्ये सुरू झालं, २०१४ पासून आताच्या जागेत आहे. तिथे रंध्याचा हिनोकीचा छिलका हातात घ्यायला मिळाला. त्यातून पलीकडचं वाचता येत होतं. पातळ छिलका काढण्याच्या इथे स्पर्धा होतात, जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात.

धातुवेडा

त्या स्पर्धांबद्दल एक विचारतो, खोचकपणे नाही. काही मायक्रॉनच्या छिलक्याचा खऱ्या कामात उपयोग काय? तुळई काय तेवढी तासत नाहीत.

सुतारपक्षी

तुळई तेवढी तासत नाहीत, बरोबर. पण रंध्याचा शेवटचा हात फिरवल्यावर मिळणारा पृष्ठभाग पॉलिशकागदाने घासलेल्यापेक्षा वेगळा असतो. कागद तंतू फाडतो, धार तो कापते. जपानमध्ये देवळाच्या खांबांना, घरातल्या तुळयांना रंग किंवा वार्निश न लावता उघडं ठेवायची पद्धत आहे. अशा लाकडावर कापलेला पृष्ठभाग पाणी कमी पितो आणि जास्त टिकतो असं तिथले सुतार मानतात.

यावरून निशिओका त्सुनेकाझू आठवतात (१९०८-१९९५), होर्युजी देवळाचे सुतार. नारामधल्या याकुशिजीचं मुख्य मंदिर १९७६ मध्ये आणि पश्चिम पॅगोडा १९८१ मध्ये त्यांच्या देखरेखीखाली पुन्हा उभा राहिला. ठोकळ्याचा रंधा यायच्या आधी भाल्याच्या टोकासारखं एक हत्यार वापरत, यारिगन्ना. ते विस्मरणात गेलं होतं. निशिओकांनी जुन्या लाकडांवरच्या खुणा बघून ते पुन्हा वापरात आणलं, कारण जुन्या खांबांवर दिसणारा तो किंचित लाटांचा पृष्ठभाग दुसऱ्या कशानेच येत नव्हता. याकुशिजीचे खिळेसुद्धा मात्सुयामाचे लोहार शिराताका युकिनोरी यांच्याकडून हाताने घडवून घेतले, शुद्ध लोखंडाचे, शेकडो वर्षं टिकावेत म्हणून. हजार वर्षांची इमारत बांधताना हत्याराच्या किमतीचा हिशोब वेगळाच होतो. आपण तसं काही बांधत नाही, पण आपल्या हातची पेटी नातवंडांपर्यंत जावी असं ज्याला वाटतं त्याला हा हिशोब समजतो.

@धातुवेडा, तापमापकाच्या भट्टीबद्दल तुम्ही म्हणता ते मला पूर्ण पटतं. माझ्याकडच्या पटाश्यांपैकी जिची धार सगळ्यात जास्त टिकते ती एका अशाच लोहाराची आहे, ज्याच्याकडे विजेची भट्टी आहे. पण त्याने उरा नेमकी खोदली आहे, पोलादाचा थर दोन्ही कोपऱ्यांपर्यंत सारखा आहे, आणि पटाशीच्या बाजू इतक्या सरळ आहेत की खाचेत ती डगमगत नाही. निशिकासाईकर म्हणाले तोच सरळपणा. पैसे मी त्याला देतो.

एका मर्यादेपुढे मात्र मी थांबतो. नामवंत लोहाराच्या पात्याला काही लाख येन मोजणारे संग्राहक आहेत. बरीचशी ती पाती दगडाला लागतही नाहीत, पेटीत राहतात. मला याचं वाईट वाटतं. धार लावण्यासाठी घडवलेली वस्तू धारेशिवाय पडून राहते.

नवशिका

सगळा धागा दोनदा वाचला. हातात दहा-बारा हजार रुपये आहेत. लाकडाची छोटी कामं, पेट्या, चौकटी करायच्या आहेत. पटाशांचा दहाचा संच घेऊ की एक रंधा?

सुतारपक्षी

@नवशिका, दोन्ही नको.

आधी दगड घ्या. १००० ग्रिटचा (आकडा मोठा तितका दाणा बारीक) पाण्याचा दगड, आणि जमलं तर सोबत ६००० च्या आसपासचा. जपानी कंपन्यांचे कृत्रिम दगड भारतात मिळतात आणि शिकायला पुरून उरतात. क्योतोच्या डोंगरातले नैसर्गिक दगड फार सुंदर, पण बहुतेक खाणी बंद झाल्यात आणि किंमत तशीच. त्यांच्या वाटेला आत्ता जाऊ नका.

मग घरात जी काही साधी पटाशी असेल ती या दगडांवर पाजळायला शिका. हातावरचे केस निघेपर्यंत. तिथे हात बसला की मग एक जपानी पटाशी घ्या. एकच. १२ मिलिमीटरची, कारण सगळ्यात जास्त तीच वापराल. नीगाता प्रांतातल्या सांजो किंवा योइताकडच्या, नाहीतर मिकीच्या साध्या, नावाचा गाजावाजा नसलेल्या लोहाराची, शिरोगामीची. दुसरी २४ ची, सहा महिन्यांनी. करवत बदलत्या पात्याची, दोन्ही बाजूंना दात असलेली. कन्ना इतक्यात नको. लोखंडी रंध्यावर धार आणि लाकडाची रेषा समजली की त्याच्याकडे वळा.

सागवान

यातल्या एका शब्दालाही माझा विरोध नाही. फक्त १२ च्या पटाशीआधी एक चांगला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं साधन, घ्या.

निशिकासाईकर

कुणी जपानहून येणार असेल तर जुनी हत्यारंही बघा. निवृत्त सुतारांच्या पेट्या जुन्या बाजारात येतात. गंज वरवरचा असतो, तो निघतो. दोन गोष्टी बघायच्या: पोलादाचा थर किती उरलाय, आणि धारेजवळ उराची कड शिल्लक आहे की नाही. पाठीवर खोल खड्डे पडले असतील तर सोडून द्या. आणि पटाशी केबिन बॅगेत ठेवू नका, ती जप्त होते. चेक-इन सामानात, धार जाड पुठ्ठ्यात बांधून.

खमंग

कार्बनच्या सुरीसाठी पावसाळ्यात काय करता? आमच्याकडे जूनमध्ये ओट्यावरच डाग पडतात.

कोकणी_माणूस

@खमंग, धुऊन लगेच कोरड्या फडक्याने पुसायची आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. आमचे कोयते याच्यावरच पावसाळे काढतात. लाकडी किंवा चामड्याच्या म्यानात ठेवू नका, ओल धरतं.

नवशिका

गुण्या आणि १००० चा दगड आजच मागवला. एक शंका. दगड वापरून मध्ये खोल होतो असं वाचलं. तो सपाट कसा ठेवायचा? त्यासाठी वेगळा दगड घ्यावा लागेल का?

सुतारपक्षी

लागणार नाही. जाड काच घ्या, खिडकीची चालते, पण निदान ८-१० मिलिमीटरची. तिच्यावर २२० चा पाण्यात चालणारा पॉलिशकागद ओला करून पसरा. दगडावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा मारा आणि कागदावर घासा. रेघा सगळीकडून सारख्या पुसल्या गेल्या की दगड सपाट झाला. मध्ये रेघा राहिल्या तर तिथे खोल आहे, आणखी घासा. प्रत्येक वेळी पाजळायला बसण्याआधी हे करा, दोन मिनिटं लागतात. दगडाच्या चारी कडा कागदावर किंचित मारून ठेवा, नाहीतर पटाशीचा कोपरा लागून दगडाचे तुकडे उडतात.